सहा ग्रॅमचा मोह

तंबूच्या खुंटीबद्दल माणसाचं काही मत असतं आणि ते बदललं तर तो लिहायला बसतो, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. पण माझं मत होतं, आणि चांगलं ठाम होतं. खुंटी जितकी हलकी तितकी चांगली, बाकी सगळं नंतर. हे मी एसटीत, पायथ्याच्या टपरीवर, गडावरच्या टाक्याशी पाणी भरताना, कुणी विचारो न विचारो, सांगत आलो. ऐकून काहींनी पैसेही खर्च केले. त्यांना तोंडी सांगून झालंय, आता लेखी सांगतो: ते मत माझं राहिलेलं नाही.

सुरुवात सिएटलच्या मावसभावापासून झाली. तो तिकडच्या कॅस्केड डोंगरांत भटकतो. एका सुट्टीत आला तेव्हा त्याने माझ्या हातात जाळीची एक छोटी पिशवी ठेवली. आत टायटॅनियमच्या आठ खुंट्या. तीन मिलिमीटर जाडीची सळी, वर आकड्यासारखी वळवलेली, एकेकीचं वजन सहा ग्रॅमच्या आसपास. तोवर मी तंबूबरोबर आलेल्या लोखंडी खुंट्या वापरायचो. त्या चार मिलिमीटर जाड, वीस-बावीस ग्रॅमच्या. म्हणजे एकीकडे पावणेदोनशे ग्रॅम आणि दुसरीकडे पन्नासच्या आत. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मी दोन्ही गठ्ठे आळीपाळीने ठेवून पाहिले आणि त्या संध्याकाळपासून बिघडलो. मग सॅकमधली प्रत्येक वस्तू काट्यावर चढू लागली. दात घासायच्या ब्रशची दांडी कापण्यापर्यंत मी गेलो नाही, एवढंच.

या वेडाला एक घराणं आहे आणि ते मला मनापासून आवडतं. एमा गेटवुड नावाच्या आजीबाई १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब पायवाट एकट्या चालून गेल्या. पाठीवर हातशिलाईची झोळी, आणि पावसासाठी न्हाणीघरात लावतात तो प्लॅस्टिकचा पडदा. तंबूच नव्हता, तिथे खुंट्यांचा प्रश्न कुठला! पुढे रे जार्डिन या गिर्यारोहकाने १९९०च्या दशकात पुस्तकं लिहून हलक्या सामानाची रीतसर मांडणी केली. त्याचा रोख पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर होता. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे ४,२०० किलोमीटर, चार-पाच महिने, दिवसाला तीसेक किलोमीटर. अशा चालीत ग्रॅम मोजणारा माणूस शहाणाच म्हणायचा. रोज चाळीसेक हजार पावलं, तीही महिनोन्‌महिने. पाठीवरचा प्रत्येक अनावश्यक तुकडा गुडघ्यांना जाणवतो.

मी हे सगळं वाचलं आणि शनिवारी रात्री निघून रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला लावलं. इथे मला आता थोडं हसू येतं. एप्रिलमध्ये साल्हेरला किंवा अलंगच्या बाजूला जाताना आम्ही माणशी तीन-चार लिटर पाणी घेतो, कारण टाक्यात काय शिल्लक असेल याचा भरवसा नसतो. चार लिटर म्हणजे चार किलो. तिथे खुंट्यांमध्ये वाचवलेले सव्वाशे ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. पहिल्या चढालाच ते पिऊन संपतं. वजन कमी करण्यात गैर काहीच नव्हतं. पण मला आवडत होतं ते वजन कमी होणं नव्हतं, ते सांगायला मिळणं होतं. कुणी माझ्या खुंटीला हात लावला आणि 'अरे, हिला वजनच नाही' म्हणाला की तो ट्रेक माझ्या दृष्टीने वसूल व्हायचा. टायटॅनियम हा शब्द तोंडात घोळवायलाही बरा वाटतो.

मत बदलायला एखादी भयंकर रात्र कारणीभूत झाली असती तर सांगायला सोपं गेलं असतं. तंबू दरीत उडाला, आम्ही कसेबसे वाचलो, वगैरे. तसं काही घडलं नाही. घडलं ते फार हळू आणि फार कंटाळवाणं होतं. पहाटे दोन-अडीचला फडफड ऐकून जाग यायची, टॉर्च घेऊन बाहेर जायचं, उपटलेली खुंटी गवतात शोधायची, पुन्हा रोवायची. करड्या रंगाची ती सळी वाळक्या गवतात अशी लपते की हाताने चाचपत फिरावं लागतं. शोधण्यासाठी म्हणून मी प्रत्येकीला लाल सुतळी बांधली. सुतळी बांधून झाल्यावर कधीतरी डोक्यात आलं की आपण खुंटी सापडण्याची सोय करतोय. ती निघूच नये याची नाही.

मग मी निघण्याकडे नीट पाहायला लागलो. खुंटी एका जोरदार हिसक्याने निघते अशी माझी समजूत होती. बहुतेक वेळा तसं होत नाही. संध्याकाळी तंबू ताठ उभा असतो. रात्री दव पडतं. आमच्यापैकी बहुतेकांच्या तंबूचं कापड नायलॉनचं असतं आणि नायलॉन ओलं झालं की सैलावतं. पॉलिस्टर त्या मानाने शहाणं. कापड सैल पडलं की दोऱ्यांचा ताण जातो, ताण गेला की कापड वाऱ्यात फडफडतं, आणि प्रत्येक फडफड खुंटीला एक छोटा झटका देते. असे झटके रात्रभर. प्रत्येक झटक्याने खुंटीभोवतीचं भोक केसभर रुंद होतं. पहाटेपर्यंत ती भोकात नुसती उभी असते, धरून काहीच नसते. म्हणून झोपण्यापूर्वी एकदा आणि मध्यरात्री जाग आली तर पुन्हा एकदा दोऱ्या ताणून घेणं, हे नव्या खुंट्या घेण्याआधीचं पहिलं औषध. फुकटातलं.

वाऱ्याचा जोरही मी मनात फार कमी धरला होता. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर कापडावर साधारण साडेसात-आठ किलोचा दाब देतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट, म्हणजे तीस किलोच्या वर. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून उसळून येणारा वारा ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको. तिथे दरीत टाकलेली हलकी वस्तू उलट वर येते. तंबूची वाऱ्याकडची बाजू दोन-तीन खुंट्यांवर उभी असते, आणि दोरी जमिनीशी तिरपी असल्याने तिच्यातला ताण नुसत्या दाबाहून जास्तच भरतो.

आता टायटॅनियमकडे येऊ. इथे माझ्या डोक्यात एक घोळ बरीच वर्षं होता. टायटॅनियम मजबूत असतं हे खरं, त्याला वाकवून कायमचं वाकडं करणं कठीण. पण मजबूत म्हणजे ताठ नव्हे. ताठपणात टायटॅनियम पोलादाच्या जवळपास निम्म्यावर आहे. शिवाय सळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे चार मिलिमीटरची सळी तीन मिलिमीटरच्या सळीहून, धातू एकच असला तरी, तिपटीने ताठ. दोन्ही गोष्टी जोडा: ज्या लोखंडी खुंटीला मी नाकं मुरडली ती माझ्या टायटॅनियमहून पाच-सहा पट ताठ होती. बारीक टायटॅनियमची सळी झटक्यासरशी लवते आणि परत सरळ होते. सळी शाबूत राहते. लवताना ती आपलं भोक मात्र स्वतःच मोठं करते. मी प्रत्येक ट्रेकनंतर तिला सरळसोट पाहून खूश व्हायचो. ती वाकत नाही याचाच अर्थ ती काम करते, असं मी गृहीत धरलं होतं.

यापेक्षाही मोठी गोष्ट जमिनीची. खुंटी स्वतःच्या बळावर काही धरत नाही, तिला धरते ती माती. मावसभाऊ जिथे चालतो तिथे पाइन-फरच्या रानात पानं-सुयांचा आणि कुजलेल्या मातीचा जाड थर असतो, मुळांनी विणलेला. तिथे बारीक सळी सुद्धा सहज आत जाते आणि मुळांच्या जाळ्यात अडकून बसते. आपल्याकडचं काय? सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. माथ्यावर, माचीवर, गडाच्या सपाटीवर जिथे तंबू लावावासा वाटतो तिथे खडकावर चार बोटं माती असते, कधी तीही नाही. खालच्या अंगाला मुरूम. महाबळेश्वर-कासच्या बाजूला आणि कोकणातल्या सड्यांवर जांभा, ज्यात खुंटी शिरत नाही आणि शिरलीच तर निघत नाही. देशावरच्या शेतात काळी माती: मे महिन्यात भेगाळलेली आणि टणक, पावसाळ्यानंतर इतकी मऊ की खुंटी बोटाने ढकलली तरी जाते. बोटाने गेलेली खुंटी बोटानेच येते, हे वेगळं सांगायला नको. आणि गुहागर-हर्णैच्या किनाऱ्यावर नुसती वाळू, जिथे बारीक सळी रोवणं म्हणजे मनाचं समाधान.

हरिश्चंद्रगडाच्या पाचनईकडच्या वाटेवर एका गावातले मामा गडावर येणाऱ्यांना तंबू भाड्याने देतात. एकदा त्यांच्याशेजारी आमचा तंबू लागला. माझी खुंटी त्यांनी उचलून बघितली, दोन बोटांत फिरवली.

"सर, ही सळी कुठली हो?"

"टायटॅनियम, मामा. सहा ग्रॅम."

"हं." त्यांनी ती परत दिली. "वरची चार बोटं माती कामाची नाय बघा. ती नुसती दिसायला. तिच्या खाली गेली तर धर लागतो."

त्यांच्या खुंट्या म्हणजे बांधकामावरच्या सळईचे हातभर तुकडे, वरून वाकवलेले, एकेक शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. अर्थात ते दर वेळी पाठीवर वाहत नाहीत. एकदा वर नेल्या की हंगामभर वरच असतात. त्यामुळे त्यांचं अनुकरण करण्यात अर्थ नव्हता. पण त्यांचं वाक्य मात्र मी घरी घेऊन आलो, कारण त्याने माझी कोनाची समजूतही मोडली. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला पंचेचाळीस अंशांत कलवावी, असं मी शिकलो होतो आणि शिकवत होतो. सोळा सेंटिमीटरची खुंटी पंचेचाळीस अंशांत कलवली तर जमिनीत खोल जाते फक्त अकरा सेंटिमीटर. सगळी वरच्या सैल मातीत. हातभर सळईला तो कोन परवडतो, माझ्या सळीला नाही. आता मी थोडीशीच कलती ठेवतो, जमिनीशी सत्तर अंशांच्या आसपास, आणि आकडा जमिनीला टेकेपर्यंत खाली दाबतो. मधेच दगड लागून खुंटी अर्धीच गेली, तर दोरी आकड्यात न अडकवता सळीवर जमिनीलगत दोन वेढे देऊन बांधतो. दोरी जितकी वर, तितकी ती खुंटीला उचकटायला सोपी.

मग हलक्यातच दुसरं काही आहे का, हे शोधू लागलो आणि इंग्रजी वाय अक्षरासारख्या छेदाच्या अ‍ॅल्युमिनियम खुंट्यांपाशी थांबलो. लांबी एकोणीस सेंटिमीटर, वजन तेरा ग्रॅमच्या आसपास. टायटॅनियमच्या दुप्पट, पण जुन्या लोखंडीपेक्षा बरंच कमी. यांचं बळ धातूत कमी आणि आकारात जास्त. तीन पंखांमुळे ओढीच्या दिशेला मातीचा रुंद पट्टा अडतो, सळीसारखी ती माती कापत जात नाही. गोल सळी दोरीच्या ओढीने भोकात फिरते आणि आकड्याचं तोंड फिरलं की दोरी सुटते. ही फिरत नाही. या खुंट्या साधारण ज्या जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बनतात, त्यातला ७०७५ हा मिश्रधातू १९३६च्या सुमारास जपानच्या सुमितोमो कंपनीने काढला आणि तो पुढे जपानच्याच झिरो या लढाऊ विमानात गेला. तंबूच्या खुंटीला एवढा इतिहास असावा याचं मला उगाच समाधान वाटतं. मोह एका धातूवरून दुसऱ्यावर सरकला असं कुणी म्हटलं, तर मी फारसा वाद घालणार नाही.

पण मुरमात अ‍ॅल्युमिनियमचाही निभाव लागत नाही. डोक्यावर दगड घालून ठोकलं की वरचं टोक चेपतं, पंख दुमडतात. तिथे मला कामाला आले ते हार्डवेअरच्या दुकानातले सहा इंची खिळे. डोक्याखाली एक वॉशर, म्हणजे दोरी निसटत नाही. एकेक पंचवीसेक ग्रॅमचा. दगडाने बिनधास्त ठोका, दोन खड्यांच्या फटीत घुसतो. टायटॅनियमच्या एका संचाच्या पैशात असे खिळे पिशवीभर येतील.

तर सध्या माझ्या पिशवीत असं आहे: वाऱ्याकडचे कोपरे आणि मुख्य ताणदोऱ्या यांच्यासाठी चार वाय खुंट्या, दोन खिळे, आणि जिथे फारसा भार नाही, म्हणजे दाराची फडकी, मागची झडप, तिथे चार टायटॅनियमच्या. सगळं मिळून सव्वाशे ग्रॅम. पूर्वीच्या अडीचपट. सगळ्या खुंट्या एकाच जातीच्या असाव्यात हा आग्रह मी का धरला होता, ते आता आठवत नाही. बहुधा पिशवी उघडल्यावर छान दिसतं म्हणून.

आमच्यातले घुमटी तंबूवाले मला हसतात. त्यांचा तंबू काठ्यांवर आपसूक उभा राहतो, मग खुंट्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. उभा राहणं आणि जागेवर राहणं यांत फरक आहे. आत माणूस किंवा सॅक नसताना असा तंबू वाऱ्याने उचलला जाताना मी पाहिलाय. जांभ्याच्या सड्यावर आणि कातळावर मात्र त्यांचंच बरोबर. तिथे खुंटीवर उभ्या राहणाऱ्या तंबूने हट्ट करू नये.

राहिला दगडांचा मार्ग. दोरी दगडाला बांधायची, किंवा आडव्या खुंटीवर मोठा धोंडा ठेवायचा. वजन शून्य, कातळावर एकमेव उपाय, आणि मी तो भरपूर वापरलाय. पण या बाबतीतही मी पूर्वीसारखा राहिलेलो नाही. सड्यावरचे सुटे दगड रिकामे नसतात. त्यांच्याखाली विंचू असतात, पाली असतात, आणि कोकणच्या बाजूला फुरसं असण्याची शक्यता खरीच असते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात दगडाखाली बोटं घालणं हा मूर्खपणा आहेच, पण त्याशिवाय दहा तंबूंनी दहा-दहा दगड हलवले की त्या पठारावरचं एक छोटं जग विस्कटतं. गरज पडली तर आता पायाने आधी सरकवतो, काठीने उलटवतो, आणि सकाळी जिथून उचलला तिथे त्याच बाजूने परत ठेवतो. वाळूत मात्र दगड लागत नाहीत. पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची, पिशवी आडवी पुरायची. माझ्या कुठल्याही खुंटीपेक्षा ती जास्त धरते आणि तिचं वजन मला वाहावं लागत नाही.

टायटॅनियमला मी नावं ठेवतोय असं वाटू नये. उत्तराखंडमध्ये बुग्यालांच्या, म्हणजे उंचावरच्या कुरणांच्या, कडेला, जिथे गवताची मुळं मातीत घट्ट विणलेली असतात, तिथे त्याच सहा ग्रॅमच्या सळ्यांनी आम्हाला पूर्ण रात्र पावसात धरून ठेवलं होतं. एकही हलली नव्हती. (ही जुनी गोष्ट. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली, आणि त्या कुरणांची अवस्था पाहता ते योग्यच झालं.) त्या रात्रीनेच माझं मत इतकं पक्कं केलं की पुढे सह्याद्रीतल्या पहाटेच्या जागरणांचा दोष मी वाऱ्याला, दवाला, तंबू लावणाऱ्या मित्राला देत राहिलो; खुंटीला कधी दिला नाही.

परवा मावसभावाशी बोलणं झालं. डिसेंबरात येतोय, हरिश्चंद्रगडाला जायचं ठरलंय. मी त्याला वायच्या चार खुंट्या जास्तीच्या आणायला सांगितल्या. "म्हणजे पन्नास ग्रॅम वाढले ना रे," तो म्हणाला. मी म्हटलं, ते मी वाहतो, तू पाणी घे. खिळ्यांचं त्याला अजून सांगितलेलं नाही.